नमनालाच घडाभर कोड

सॉफ्टवेअर कंपनीत नव्या प्रोजेक्टचे पहिले दोन आठवडे मोठ्या सुखाचे असतात. गिऱ्हाईकाशी अजून वाजलेलं नसतं, बग नसतात कारण कोडच नसतो, आणि सकाळच्या स्टँड-अपला प्रत्येकाकडे एक बिनतोड वाक्य तयार असतं: "सेटअप चालू आहे." या वाक्यावर मॅनेजर पुढचा प्रश्न विचारत नाही. सेटअप म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं असं नाही, तोही त्यातूनच वर आलेला असतो. पण "किती झाला?" असं विचारलं तर उत्तर अर्धा तास चालतं आणि शेवटी ते आपल्यालाच समजून घ्यावं लागतं, हे तो अनुभवाने शिकलेला असतो.

आता सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या दूध संस्थेचं काम घ्या. सभासदाने किती लिटर दूध घातलं, फॅट किती लागली, एसएनएफ किती, दर काय बसला आणि दहा दिवसांचं बिल किती झालं, हे त्याला मोबाइलवर दिसावं, एवढीच मागणी. सचिवांनी ती चहा थंड व्हायच्या आत सांगून टाकलेली असते. आपले लोक मात्र यातल्या कशालाही हात लावत नाहीत. आधी फोल्डर. मग फोल्डरांची नावं एकवचनी ठेवायची की अनेकवचनी, यावर बैठक. मग डेटाबेस. मग लॉगिन. मग पासवर्ड विसरल्यास ईमेलने नवा मागवण्याची सोय, जिचा लाभ घेणाऱ्या सभासदांपैकी एकाकडेही ईमेल नसतो. मग कोडातली ऱ्हस्व-दीर्घं तपासणारा लिंटर. मग त्या लिंटरला कोणते नियम लावायचे यावर असा वाद, की दोन जण आठवडाभर वेगवेगळ्या टेबलांवर जेवतात. पंधरवडा सरतो आणि सगळ्या रेपोत, म्हणजे कोडाच्या कोठारात, 'दूध' हा शब्द शोधला तर शून्य ठिकाणी सापडतो.

गंमत अशी की हा सरंजाम दर प्रोजेक्टला जवळजवळ तसाच्या तसा लागतो. दुधाचं ॲप असो, मंगल कार्यालयाच्या बुकिंगचं असो नाहीतर हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्सचं. लॉगिन तेच, डेटाबेस तोच, विसरलेला पासवर्डही बहुधा तोच. मग कधीतरी कोणाच्या तरी मनात येतं की हे यंत्राकडूनच का करून घेऊ नये? एक कमांड, एंटर, की प्रोजेक्ट उभा! ज्याच्या मनात हे येतं त्याचा आणि गिऱ्हाईकाचा संबंध त्या क्षणापासून बराच काळ तुटतो.

रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने 2013 साली आपल्या 'एक्सकेसीडी' या मालिकेत याचा हिशेबच मांडून ठेवला आहे. एखादं काम तुम्ही किती वेळा करता आणि दर खेपेला किती वेळ वाचणार आहे एवढं पाहा. ते झटपट करण्याच्या खटपटीत जास्तीत जास्त किती वेळ घालवणं परवडेल, ते पाच वर्षांच्या हिशेबाने तक्ता सांगतो. महिन्यातून एकदाच्या कामात पाच मिनिटं वाचणार असतील तर सगळी खटपट पाच तासांत उरकली पाहिजे. सहाव्या तासापासून धंदा आतबट्ट्याचा. हिंजवडीत हा तक्ता डेस्कवर चिकटवलेली मंडळी बरीच भेटतात. ती बहुधा सहाव्या महिन्यात असतात.

एका कमांडीत प्रोजेक्ट उभा करण्याच्या या सोसाचं बरंचसं पुण्य (किंवा पाप, प्रोजेक्ट कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर ठरवा) डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश गृहस्थाच्या खात्यावर जातं. 'बेसकॅम्प' हे कामं सांभाळायचं सॉफ्टवेअर लिहिता लिहिता त्यातला कुठेही उपयोगी पडेल असा भाग त्याने वेगळा काढला आणि 2004 मध्ये 'रूबी ऑन रेल्स' या नावाने जगाला फुकट देऊन टाकला. पुढच्या वर्षी पंधरा मिनिटांत चालता-बोलता ब्लॉग उभा करून दाखवणारी त्याची चित्रफीत आली. कमांड दिली की फोल्डरांची रांग पडद्यावरून सरसर खाली येते, अजून एक कमांड दिली की भरायचे फॉर्म तयार. जावाच्या एक्सएमएल फायली भरता भरता ज्यांचे केस पिकत चालले होते, त्यांना ते पाहून गहिवरून आलं असलं तर नवल नाही. पण त्या गहिवरात एक क्रम नजरेतून सुटला. बेसकॅम्प आधी, रेल्स नंतर. खरं काम आधी झालं आणि त्यातून साचा निघाला. पुढे आलेल्यांनी आधी साचा केला आणि मग त्यात घालायला काम शोधू लागले.

त्यानंतर अशा यंत्रांचं पीकच आलं. जावावाल्यांसाठी 'स्प्रिंग इनिशियलायझर', पायथनवाल्यांसाठी 'कुकीकटर', आणि 2012 मध्ये गूगलच्या मंडळींनी आणलेला 'येओमन'. हा येओमन टर्मिनलवर प्रकट व्हायचा तो विरामचिन्हं जुळवून काढलेल्या एका मिशाळ माणसाच्या रूपात, शेजारी चौकटीत स्वागताचा मजकूर. मग तो एकेक प्रश्न विचारत जायचा. पडद्यावर कोणीतरी आपली आस्थेने चौकशी करतंय, हा अनुभव बऱ्याच प्रोग्रामरांना नवीन होता.

मग प्रत्येक कंपनीला स्वतःचा येओमन हवासा वाटू लागला. आमच्या क्षेत्रात असा एक हुशार माणूस हरेक ऑफिसात असतो. तो गप्प असतो, हेडफोन लावून असतो, आणि एके दिवशी डेमोला सगळ्यांना बोलावतो. कमांड देतो. यंत्र विचारतं: प्रोजेक्टचं नाव? डेटाबेस कोणता? लॉगिन हवं का? डॉकर हवं का? डार्क मोड हवा का? कोपऱ्यातली एक नवी मुलगी हळूच विचारते, "सर, यात 'माहीत नाही' असा ऑप्शन नाही का?" सगळे हसतात. सगळ्या डेमोत तोच एक विचार करण्यासारखा प्रश्न असतो, आणि तो मिनिट्समध्ये येत नाही. पहिल्या दिवशी खरं उत्तर 'माहीत नाही' हेच असतं. डेटाबेस कोणता हवा, हे दूध बघितल्याशिवाय कसं सांगणार?

ते यंत्र चालवायला आधी ते स्वतः बसवावं लागतं, हे डेमोनंतर कळतं. त्याला नोडची अमुकच आवृत्ती लागते, तमुक टोकन लागतं, आणि ते टोकन ज्याच्याकडून घ्यायचं तो माणूस नोटीस पिरियडवर असतो. म्हणून सेटअप करणाऱ्या यंत्राचा सेटअप कसा करावा याचं एक पान तयार होतं. वर्षभराने हुशार माणूस बंगळुरूला जातो आणि यंत्राला हात लावायची कोणाची छाती होत नाही. नवा प्रोजेक्ट आला की मंडळी चोरून जुन्या प्रोजेक्टचा फोल्डर कॉपी-पेस्ट करतात आणि नावं बदलतात. माझ्या मते आपल्या उद्योगात सर्वाधिक वापरलं गेलेलं सेटअपचं यंत्र हेच, आणि त्याचा आजवर कोणी डेमो लावलेला नाही.

जावास्क्रिप्टच्या बाजूला तर थाट काही औरच. तिथे सांगाडा उभा करायची कमांड दिली की इंटरनेटवरून इतरांनी लिहिलेली शेकडो पॅकेजं 'नोड मॉड्यूल्स' नावाच्या फोल्डरात येऊन पडतात. पडद्यावर 'नमस्कार' एवढीच अक्षरं दाखवायची असली तरी. यात काय काय येतं याचा पत्ता जगाला 22 मार्च 2016 रोजी लागला. 'लेफ्ट-पॅड' नावाचं एक 11 ओळींचं पॅकेज होतं. आकड्याच्या किंवा शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा किंवा शून्यं भरायची, एवढंच त्याचं काम. पॅकेजच्या नावावरून झालेल्या भांडणात लेखकाने आपली सगळी पॅकेजं काढून घेतली, त्यात हेही गेलं, आणि जगभरातले प्रोजेक्ट धडाधड बिल्ड होईनासे झाले. ज्यांचे बंद पडले त्यातल्या कित्येकांनी लेफ्ट-पॅडचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांनी मागवलेल्या कोणीतरी मागवलेल्या कोणीतरी ते मागवलेलं होतं. शेवटी ही पॅकेजं सांभाळणाऱ्या एनपीएम या कंपनीला ते परत जागेवर आणून ठेवावं लागलं.

एवढं सगळं डाउनलोड झाल्यावर टर्मिनल शांतपणे सांगतं की तुमच्या प्रोजेक्टमध्ये सुरक्षेच्या इतक्या त्रुटी आहेत, त्यातल्या इतक्या गंभीर. प्रोजेक्टचं वय तेव्हा अर्धा मिनिट. आपण त्यात एक अक्षर लिहिलेलं नसतं. शिवाय इतकी पॅकेजं आर्थिक मदतीच्या प्रतीक्षेत आहेत, असंही खाली लिहिलेलं असतं.

पण हे दिसतं तरी. खरी मजा न दिसणाऱ्या गोष्टींत आहे, म्हणजे यंत्राने आपल्या वतीने ठरवून टाकलेल्या. आपली ती दूध संस्था पायथनच्या जँगो या साच्यावर उभी राहिली, असं धरा. जँगोची 'स्टार्टप्रोजेक्ट' ही कमांड एक सेटिंग्जची फाइल लिहून देते. त्यात खालच्या बाजूला, जिथे कोणी स्क्रोल करत नाही तिथे, घड्याळ लावलेलं असतं 'यूटीसी'वर, म्हणजे ढोबळमानाने ग्रिनिचच्या वेळेवर. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. आता गावातलं संकलन केंद्र कधी उघडतं? पहाटे पाचला. पहाटे पाचला यूटीसीमध्ये आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे साडेपाचच्या आधी किटली घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस ॲपच्या मते काल आला. त्याच्या मागचा, जो साडेपाच वाजून एक मिनिटाने मापाला लागला, तो आज आला. दोघांच्या किटल्यांत हातभराचं अंतर आणि नोंदीत एका दिवसाचं. आणि दिवस एक तारखेचा असेल तर पहिल्याचं दूध थेट मागच्या दहा दिवसांच्या बिलात, जे बिल वाटूनही झालेलं असतं.

मग सचिवांचा फोन येतो. "साहेब, तुमच्या मशिनला पहाट कळत न्हाई का? माणूस म्हणतोय, आज दूध घातलंय. हे म्हणतंय, काल घातलं. अवो, म्हस आजच पिळलीय की!"

इकडून उत्तर जातं, "सर, डिफॉल्ट सेटिंग आहे."

"कुणाच्या गावचं?"

प्रश्न रागाने विचारलेला असला तरी त्याला खरोखर उत्तर आहे. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. 2005 मध्ये ते जगासाठी खुलं झालं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं 'स्टार्टप्रोजेक्ट'ने लिहून दिलेल्या त्या फाइलीत घड्याळ 'अमेरिका/शिकागो' असं लावलेलं असे. बातमीदारांचं काम त्या वेळेवर चाले आणि साचा त्या कामातून निघाला, तेव्हा त्यात लबाडी काहीच नव्हती. प्रत्येक साच्यात, तो ज्याच्या कामातून निघाला त्याचं गाव थोडं शिल्लक राहतं एवढंच. ते शोधून पुसायला एक ओळ बदलावी लागते. ती ओळ बदलून 'एशिया/कोलकाता' अशी करायची. पुण्याच्या घड्याळाला कोलकात्याचं नाव देताना काही पुणेकरांचा हात अडखळलेला मी पाहिला आहे, पण तो वेगळा विषय.

नावांचंही तेच. जँगो आपल्याला वापरकर्त्यांचा जो तयार तक्ता देतं, त्यात 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' असे दोनच रकाने. महाराष्ट्रात माणूस तीन नावांचा असतो. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. एका गावात एकाच आडनावाची पन्नास घरं असतात आणि त्यात पाच-सात संभाजी निघतात. मधलं नाव गेलं की एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर. मग उपाय म्हणून कोणी मधलं नाव पहिल्या रकान्यात कोंबतो, कोणी शेवटच्या, आणि यादी अक्षरानुक्रमे लावली की अर्धं गाव वडिलांच्या नावाखाली जमा होतं. हे सगळं वाचवलेल्या दोन मिनिटांचं फळ. साच्याने टायपिंग वाचवलं यात शंका नाही. पण एक तक्ता हाताने लिहायची वेळ आली असती तर लिहिणाऱ्याला निदान एकदा तरी प्रश्न पडला असता की या माणसांची नावं कशी असतात?

यंत्राने लिहिलेलं कोणी वाचत नाही, याचे पुरावे गोळा करायचे तर जागा पुरणार नाही. फेसबुकच्या लोकांनी 2016 मध्ये 'क्रिएट रिअ‍ॅक्ट ॲप' आणलं. त्याने उभ्या केलेल्या पानाचं शीर्षक असे 'रिअ‍ॅक्ट ॲप' आणि सर्च इंजिनांसाठीच्या वर्णनात लिहिलेलं असे की ही वेबसाइट क्रिएट-रिअ‍ॅक्ट-ॲप वापरून केली आहे. हे वाक्य मिरवणाऱ्या साइट आजही जगभर सापडतात. लाखो रुपयांचा लोगो, आणि गूगलवर दुकानाची ओळख 'मला अमुक अवजाराने बनवलं'. त्याच सांगाड्यात नमुन्यादाखल एक चाचणीही असे. पानावर 'लर्न रिअ‍ॅक्ट' हे शब्द आहेत की नाहीत, हे ती तपासे. म्हणजे तुम्ही स्वतःचा मजकूर लिहायला घेतलात की पहिली गोष्ट घडणार ती ही, की चाचणी नापास! बहुतेकांनी त्यावर चाचणीच काढून टाकली आणि कामाला लागले. स्प्रिंगवाल्यांकडे वर्णनाच्या रकान्यात 'स्प्रिंग बूटसाठी डेमो प्रोजेक्ट' असं आपोआप येतं. मोठमोठ्या रकमा इकडून तिकडे करणाऱ्या कोडाच्या माथ्यावर ही पाटी मी वाचली आहे. कुठे, ते विचारू नका. एनपीएमची सुरुवातीची फाइल निदान प्रामाणिक असते. तिच्यात चाचणी चालवायची कमांड लिहिलेली असते तीच मुळी 'त्रुटी: चाचणी दिलेली नाही' असं छापून बंद पडणारी. कित्येक प्रोजेक्ट रिटायर झाले तरी ती ओळ बदलत नाही.

आपोआप ठरणाऱ्या गोष्टींत मला मनापासून आवडते ती एकच. डॉकर या अवजारात कंटेनरला, म्हणजे ॲप ज्यात चालतं त्या डब्याला, तुम्ही नाव दिलं नाहीत तर ते एक विशेषण आणि एका शास्त्रज्ञाचं किंवा तंत्रज्ञाचं नाव जोडून बारसं उरकतं. त्या यादीत आर्यभट आहेत, भास्कराचार्य आहेत, रामन, रामानुजन, भाभा आहेत. त्यामुळे सर्व्हरवर रात्री दोन वाजता 'भुकेले भाभा' बंद पडलेले आणि 'चिडलेले रामानुजन' चालू, असा देखावा दिसू शकतो. एकच जोडी त्यांनी कोडात मुद्दाम वर्ज्य केली आहे. 'कंटाळवाणे वॉझनियाक' हे नाव कधीच निघत नाही, कारण स्टीव्ह वॉझनियाक कंटाळवाणे नाहीत, अशी टीप शेजारीच आहे. कोणीतरी डिफॉल्टचा विचार केला होता, याचा इतका गोड पुरावा दुसरा नाही.

सुरुवात इतकी स्वस्त झाली की व्हायचं तेच झालं. सगळे सुरूच करू लागले. निवडणुकीच्या आधी नदीच्या दोन्ही काठांवर भूमिपूजनाच्या कोनशिला बसतात आणि मधे पूल नसतो, तशी गिटहबवर असंख्य रेपोंची अवस्था आहे. 'इनिशियल कमिट' नावाची एक नोंद, त्यात हजारो ओळी, आणि पुढे शांतता. आमच्यापैकी प्रत्येकाची अशी एक शनिवारची कोनशिला असते. खर्चाच्या हिशेबाचं ॲप, पुस्तकांच्या देवघेवीचं ॲप, डब्याच्या मावशींचं ॲप. लॉगिन सगळ्यांना आहे. आत गेल्यावर काही नाही. बाकी सोडा, क्रिएट रिअ‍ॅक्ट ॲप या सुरू करून देणाऱ्या अवजाराचीच 14 फेब्रुवारी 2025 रोजी अधिकृत निवृत्ती जाहीर झाली. नव्या ॲपसाठी ते वापरू नका, असं त्याच्या कर्त्यांनीच सांगितलं, आणि नेमका व्हॅलेंटाइनचा मुहूर्त साधून.

आता एआय आहे. त्याला मराठीत सांगितलं तरी चालतं की दूध संस्थेचं ॲप करून दे. मिनिटभरात सांगाडा, लॉगिन, डॅशबोर्ड, आणि वर रॉकेटची चित्रं पेरलेली माहितीची फाइल. प्रश्न विचारत बसणारा तो मिशाळ येओमन निदान विचारायचा तरी, हा बहुतेक वेळा काहीच विचारत नाही, आत्मविश्वासाने सगळी उत्तरं स्वतःच देतो. फॅट दशांश चिन्हानंतर किती आकड्यांपर्यंत धरायची, म्हशीच्या आणि गायीच्या दुधाला दर वेगळा की नाही, दोन्ही वेळचं दूध एका नोंदीत की दोन, हे सगळं ठरवूनच कोड येतो. ऑफिसात आनंद होतो की सेटअप संपला. माझ्या मते तो संपत नाही, सचिवांच्या फोनपर्यंत पुढे ढकलला जातो.

तरीही मी साच्यांच्या विरोधात नाही. हाताने लॉगिन लिहिण्याचा हट्ट धरणाऱ्यांनी पासवर्ड उघड्यावर साठवून काय दिवे लावले, तेही आपण पाहिलं आहे. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी चालू स्थितीतलं काहीतरी हातात मिळतं, दहा प्रोजेक्टांत फायली एकाच जागी सापडतात, हे फायदे खरेच आहेत. कमांड जरूर द्या. फक्त तिने लिहिलेली सेटिंग्जची फाइल चहा घेता घेता एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. वेळ, नाव, वर्णन, चाचणी. फार मोठी नसते ती.

आणि जे प्रोग्रामर नाहीत, पण ज्यांनी पैसे मोजून दुकानाची, संस्थेची, क्लासची वेबसाइट करून घेतली आहे, त्यांना एकच विनंती. ती आत्ता उघडा आणि वर टॅबवर काय लिहिलंय ते पाहा. तिथे 'रिअ‍ॅक्ट ॲप' असं असेल, तर शेवटचा हप्ता अजून देऊ नका.